भाड्याच्या घरातलं मशीन बिघडलं तर खर्च कोणाचा? आधीच कसं ठरवून ठेवायचं

भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, चावी हातात येते, पण घरातला फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन बिघडलं तर खर्च कोणी करायचा हे मात्र कोणीच बोलत नाही. मग एक दिवस मशीन बंद पडतं, भाडेकरू म्हणतो वस्तू तुमची आहे तुम्ही बघा, मालक म्हणतो वापरताय तुम्ही मग तुम्हीच बघा, आणि इतके दिवस चांगलं चाललेलं असताना एका मशीनपायी बोलणं बंद होतं. मी बरीच वर्षं भाड्याने राहिलोय आणि आता माझं एक छोटं घर भाड्याने देतो, म्हणजे दोन्हीकडचा मनस्ताप भोगून झालाय, त्यातून जे शिकलो ते सविस्तर लिहितोय.

आधी माझं मत सांगून टाकतो. रोजच्या वापराने जे घाण होतं, तुंबतं, भरतं ते साफ करणं भाडेकरूचं काम. वयामुळे जे झिजतं, जळतं, गंजतं ते मालकाचं काम. आणि चुकीच्या वापराने मोडलं तर ज्याच्या हातून मोडलं त्याचं. वाचायला सरळ आहे, पण भांडण होतं ते यातल्या मधल्या रेषेवर. मशीन बंद पडलंय हे दोघांना दिसतंय, कशामुळे बंद पडलं हे दोघांनाही माहीत नाही, आणि माहीत नसताना दोघंही ठामपणे बोलतात. म्हणून या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, की खर्च कोणाचा हे ठरवायच्या आधी बिघाडाचं कारण लेखी घ्यायचं. मेकॅनिकला सांगायचं, बिलावर नुसतं 'रिपेअर' लिहू नका, काय खराब झालं आणि कशाने झालं ते एका ओळीत लिहा. 'पंप जॅम, फिल्टरमध्ये नाणं' असं असेल तर भाडेकरूने द्यायचं, 'पंपाची मोटर जुनी होऊन जळाली' असं असेल तर मालकाने. बदललेला जुना पार्टही मागून घ्या, निदान त्याचा फोटो तरी काढून ठेवा. बहुतेक मेकॅनिक खुशीने लिहून देतात, त्यांना कोणी विचारतच नाही एवढंच.

आता वर्षाच्या सर्व्हिसिंगचं काय, कारण तिथे काही बिघडलेलंच नसतं. माझं म्हणणं असं की सर्व्हिसिंग मालकानेच करावी, आणि हे मी आता मालक असूनही म्हणतोय. नीट विचार केला तर एसी किंवा गीझरची सर्व्हिसिंग केल्याने त्याचं आयुष्य वाढतं, ते वाढलेलं आयुष्य कोणाला मिळणार, ज्याची वस्तू आहे त्याला. जो माणूस दोन वर्षांनी जाणार आहे तो आठव्या वर्षी मशीन नीट चालावं म्हणून आज पैसे घालणार नाही, आणि त्याने का घालावेत. पण मालक रोज तिथे नसतो, त्याला आवाज बदललेला ऐकू येत नाही, खाली साचलेलं पाणी दिसत नाही. म्हणजे डोळे भाडेकरूचे आणि खिसा मालकाचा अशी वाटणी झाली की दोन्ही कामं होतात. भाडेकरूने बघायचं आणि कळवायचं, मालकाने ऐकायचं आणि माणूस पाठवायचा.

कायद्याचं म्हणाल तर तो जागोजागी वेगळा आहे, तुमच्याकडे काय आहे ते एकदा बघून घ्या. पण एक कल्पना मला फार आवडली ती इथे सांगतो. जर्मनीत भाडेकरारात छोट्या दुरुस्त्यांचं एक कलम घालतात, म्हणजे ज्या गोष्टींना भाडेकरूचा रोज हात लागतो, नळ, बटणं, कड्या वगैरे, त्यांची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करायची, पण एका दुरुस्तीला किती आणि वर्षभरात मिळून किती अशा दोन्ही मर्यादा आकड्यात लिहाव्या लागतात, नाहीतर कोर्ट ते कलम धरतच नाही. आपापल्या ॲग्रीमेंटमध्ये असं एक कलम टाकायला काय हरकत आहे. 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरू करेल' एवढंच वाक्य लिहिलं तर किरकोळ म्हणजे काय यावरूनच भांडण होतं. आकडा लिहिला की विषय संपला. त्या आकड्याच्या आत असेल तर भाडेकरू मालकाला न विचारता करून टाकेल, वर गेलं तर आधी कळवेल.

आता पहिला दिवस. सामान लावायच्या गडबडीत हे राहून जातं आणि नंतर त्याचाच पश्चात्ताप होतो. चावी घेताना प्रत्येक मशीन चालू करून बघा, नुसतं दिवा लागला म्हणून पुढे जाऊ नका. वॉशिंग मशीनचं एक पूर्ण सायकल लावा, पाणी भरण्यापासून स्पिनपर्यंत. गीझर चालू करून गरम पाणी खरंच येतंय का बघा. एसी १५-२० मिनिटं चालू द्या, आतून थेंब पडतात का बघा. हे सगळं व्हिडिओत घ्या, आणि मशीनच्या मागे किंवा दाराच्या आत जी मॉडेल नंबर, सिरीयल नंबरची पट्टी असते तिचा फोटो काढा. दारावरचा ओरखडा, तुटलेली ट्रे, पिवळा पडलेला रबर, सगळ्याचे फोटो. मग ते त्याच दिवशी मालकाला पाठवा. आपल्याच फोनमध्ये ठेवलेले फोटो नंतर कोणी मानत नाही, पाठवलेले मानतात. मालकांना पण सांगतो, हे तुमच्याच फायद्याचं आहे, वॉरंटी कार्डाची कॉपी आणि वापराचं पुस्तक भाडेकरूला द्या, पुस्तक दिलंच नाही तर फिल्टर कुठे आहे हे त्याला कसं कळणार.

आणि एक प्रश्न हमखास विचारा, ही वस्तू भाड्यात धरलेली आहे की कोणीतरी आधीचा ठेवून गेलाय म्हणून इथे आहे. कोपऱ्यातला जुना मायक्रोवेव्ह भाड्यात धरलेला असेल तर बिघडल्यावर मालकाने बघायचा. 'आहे तसा वापरा, बंद पडला तर मी जबाबदार नाही' असं असेल तर तसं लिहून घ्या, म्हणजे अपेक्षाच राहत नाही. भाडेकरूने स्वतः आणलेल्या वस्तू अर्थातच त्याच्या, त्यावर वेगळं बोलायची गरज नाही.

आता एकेक मशीन घेऊ, फ्रिजपासून.

फ्रिजचं भाडेकरूकडे येतं ते असं. आतलं तापमान ४ अंशाच्या आसपास, फ्रीझर उणे १८, दाराचा रबर ओल्या फडक्याने पुसणं, मागे हवा खेळायला जागा ठेवणं, मागच्या कॉइलवर धूळ साचली असेल तर प्लग काढून ती झाडणं. दाराचा रबर सैल झालाय का बघायचं असेल तर दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटून आली तर रबर गेलाय, आणि तो वयाने जातो, म्हणजे मालकाने बदलायचा. कंप्रेसर, थर्मोस्टॅट, पंखा हे पण मालकाचं. पण एक चूक अशी आहे की तिथे वाद करायला जागाच नाही. डायरेक्ट कूल फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा थर जमतो आणि माणसं तो सुरीने खरवडतात. त्या पातळ पत्र्याच्या मागेच गॅसची नळी असते, टोक लागलं की फुस्स आवाज येतो आणि गॅस गेला. तो खर्च शंभर टक्के भाडेकरूचा. बर्फ जमला तर फ्रिज बंद करा, दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा, आपोआप सुटतो.

माझी स्वतःची चूक पण फ्रिजचीच. भाड्याच्या घरात असताना भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचायला लागलं. मी फडक्याने टिपायचो, दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. मालकांना कशाला त्रास, म्हणून महिनाभर गप्प बसलो. मग ते पाणी फ्रिजखाली गेलं आणि तिथलं लाकडी फ्लोअरिंग फुगून वर आलं, फळीच्या कडा अक्षरशः नावेसारख्या वळल्या. मेकॅनिक आला, त्याने फ्रिजच्या आत मागच्या भिंतीला खाली जे बारीक भोक असतं ते दाखवलं, एका मोठ्या सिरिंजने त्यात कोमट पाणी मारलं, दोनदा मारल्यावर काळपट चिकट कुजलेल्या पानाचा गोळा मागून ट्रेमध्ये पडला आणि पाणी धो धो वाहून गेलं. पाच मिनिटांचं काम. फ्रिज दुरुस्तीचा खर्च जवळपास काहीच नाही, पण फ्लोअरिंगचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून गेले, आणि बरोबरच होतं ते. भोक तुंबणं ही चूक नव्हती, महिनाभर न सांगणं ही होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, बिघाड कोणाचा हे नंतर बघू, पण ज्या दिवशी दिसला त्याच दिवशी कळवा, कारण उशिरामुळे जे नुकसान वाढतं ते गप्प बसणाऱ्याच्या खात्यात जातं.

हेच मालकाला पण लागू आहे, आणि ते मला गीझरने शिकवलं. माझ्या घरातल्या भाडेकरूने कळवलं की काका, पाणी गरम व्हायला फार वेळ लागतोय आणि आतून कडकड आवाज येतो. मी म्हणालो थंडी वाढलीये, सेटिंग वाढवून बघा. पुढचे काही महिने तसेच गेले आणि मग टाकीच गळायला लागली. मेकॅनिकने गीझर उघडला तेव्हा आतलं एलिमेंट दिसतच नव्हतं, त्याच्यावर पांढऱ्या क्षाराचं जाड कवच चढलेलं, पक्कडीने ठोकलं तर खडूसारखे तुकडे पडत होते. आणि त्याच्या शेजारी एक रॉड असतो मॅग्नेशियमचा, टाकीऐवजी आपण गंजायचं हेच त्याचं काम, तो झिजून आतली नुसती तार उरली होती. रॉड संपला की गंज टाकीला धरतो. हा रॉड साधारण वर्ष-दोन वर्षांनी तपासायचा असतो, पाणी क्षाराचं असेल तर लवकरच, आणि मी तो कधी बघितलाच नव्हता. रॉड बदलायचा खर्च आणि नवीन गीझरचा खर्च, तुलनाच नाही. तो सगळा मीच केला, भाडेकरूने तर वेळेवर सांगितलं होतं.

त्यामुळे साठवणीच्या गीझरमध्ये एलिमेंट, रॉड, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह सगळं मालकाचं. व्हॉल्व्हमधून गरम होताना थोडे थेंब येणं नॉर्मल आहे, सतत धार असेल तर कळवा, आणि कृपा करून त्या व्हॉल्व्हचं तोंड बूच मारून बंद करू नका, टाकीतला दाब बाहेर जायची तीच वाट आहे. गॅसवरचा गीझर असेल तर तिथे छोटं-मोठं काही नाही, सगळं मालकाने आणि जाणकार माणसाकडूनच करून घ्यायचं. हवा नसलेल्या बंद बाथरूममध्ये तो चालला तर कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला रंग नाही वास नाही, माणसाला कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. ब्रिटनमध्ये तर भाड्याच्या घरातली मालकाची गॅसची उपकरणं दर १२ महिन्यांनी तपासणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याचा कागद भाडेकरूला द्यावा लागतो. तुमच्याकडे तसा नियम असो नसो, भाडेकरूने हे मागायला अजिबात लाजू नये.

वॉशिंग मशीनमध्ये बहुतेक कटकट ड्रेन फिल्टरची. फ्रंट लोडला खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, प्लग काढायचा, खाली पसरट भांडं आणि जुना टॉवेल ठेवायचा, झाकण हळूहळू फिरवायचं, आधी पाणी येतं मग पिना, नाणी, बटणं आणि केसांचा गुंता. महिन्यातून एकदा हे भाडेकरूने करायचं. दाराच्या रबराच्या घडीत काळी बुरशी होऊ नये म्हणून पुसून दार थोडं उघडं ठेवणं, पावडर मापात टाकणं, कपडे कोंबून न भरणं हे पण त्याचंच. स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज यायला लागला तर ते बेअरिंग, ते वयाचं, मालकाचं. अजून एक, नवीन मशीन आल्या आल्या प्रचंड हादरत असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढायचे राहिलेत का ते बघा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून ते लावलेले असतात, आणि ते न काढता मशीन चालवलं तर वाट लागते, मग ते ज्याने बसवून घेतलं त्याची जबाबदारी.

एसीचे जाळीचे फिल्टर वापराच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांनी धुणं भाडेकरूचं, पाण्याखाली धरून वाळवून परत लावायचे, दहा मिनिटं लागतात. फिल्टर बंद झाला की कॉइलवर बर्फ जमतो आणि लोक म्हणतात गॅस संपला. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, तो बंद नळ्यांमधून फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. त्यामुळे दरवर्षी गॅस भरायला भाडेकरूकडून पैसे घेणं चुकीचं आहे आणि मालकानेही नुसता गॅस भरून घेऊ नये, आधी लीक शोधून बंद करून घ्यावा, नाहीतर पुढच्या वर्षी परत तेच.

पाणी शुद्ध करायच्या मशीनचे छोटे फिल्टर वापरणाऱ्याने बदलावेत. मोठा मेम्ब्रेन एका भाडेकरूच्या मुक्कामापेक्षा जास्त टिकू शकतो, तिथे जितके महिने वापरला त्या हिशोबाने वाटून घेतलं की कोणाच्याच मनात राहत नाही. चिमणीची तेलकट जाळी भाडेकरूने धुवायची, चिकट जाळी गॅसच्या शेगडीवर टांगलेली असणं धोक्याचं आहे. मायक्रोवेव्ह रिकामा चालवू नका.

विजेचं मात्र वेगळं सांगतो. मशीनच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल, किंवा ब्रेकर परत परत पडत असेल तर तो उचलून उचलून परत चालू करू नका. मेन स्विच बंद करून मगच प्लग काढा, मालकाला लगेच फोन करा. अर्थिंग आणि वायरिंग मालकाचं काम, आणि शक्य असेल तर ३० मिलिअँपिअरवर पडणारा आरसीसीबी बसवून घ्या, शॉक बसला तर तो वीज तोडतो. इथे खर्चाचा वाद नंतर करा.

बिघडल्यावर काय करायचं? मशीन बंद करा, फोटो किंवा छोटा व्हिडिओ काढा, आणि मेसेज टाका. फोन केला तरी मेसेज टाकाच. असा: 'काका नमस्कार, आज सकाळपासून वॉशिंग मशीन पाणी बाहेर टाकत नाहीये. खालचा फिल्टर काढून साफ केला, त्यात काही नव्हतं. व्हिडिओ पाठवतोय. मेकॅनिक तुम्ही पाठवताय की मी बोलावू? मी बोलावला तर किती सांगतो ते आधी तुम्हाला कळवतो.' यात तारीख आली, तुम्ही तुमच्या बाजूचं केलंत ते आलं, आणि निर्णय मालकाकडे गेला. मालकाने किती दिवसांत उत्तर द्यायचं हे ॲग्रीमेंटमध्येच लिहून ठेवा, गॅस, वीज, पाणी गळणं असेल तर त्याच दिवशी, बाकीचं तीन-चार दिवसांत. आणि उत्तर आलं नाही म्हणून भाड्यातून परस्पर पैसे कापू नका, तशी लेखी परवानगी आधी घेतलेली असेल तरच कापा, नाहीतर तुमची बाजू बरोबर असूनही तुम्ही थकबाकीदार ठरता. मालकांनी माणूस पाठवताना एक दिवस आधी वेळ विचारावी, घर तुमचं असलं तरी राहतंय दुसरं कोणीतरी.

भाडेकरूच्या चुकीने वस्तू पूर्ण गेलीच तर नव्या वस्तूची पूर्ण किंमत मागणं अन्याय आहे. तिचं साधारण आयुष्य किती आणि किती वापरून झालं ते बघा. दहा वर्षं टिकेल असं धरलेलं मशीन सातव्या वर्षाच्या शेवटी गेलं तर उरलेल्या तीन वर्षांचे, म्हणजे ३० टक्के द्यायचे. किती वर्षं धरायची हा आकडा आधीच ठरवून लिहा, कारण नुकसान झाल्यावर दोघांचे आकडे वेगळे असतात.

घर सोडताना पहिल्या दिवसाचा तो व्हिडिओ उघडा आणि तसाच परत काढा, त्याच कोपऱ्यातून, तेच सायकल लावून, मालक समोर असताना. फ्रिज रिकामा करून, पुसून, प्लग काढला असेल तर दार थोडं उघडं ठेवून द्या, बंद ठेवलं तर आठवड्यात आत बुरशीचा वास बसतो. हिशोब व्हायच्या राहिलेल्या दुरुस्त्यांची बिलं आणि कारणाच्या ओळी एकत्र फोटो काढून पाठवा, डिपॉझिटचा हिशोब तिथेच उभ्या उभ्या लिहून दोघांनी सही करा, आणि मगच चावी द्या.